नवव्या मोरीची कणीक

या, असे जवळ या. मागच्यांनी जरा पुढे सरका, दारापाशी वाऱ्याचा आवाज होतो. टाळ घटकाभर खाली ठेवा. आज ऐकायची आहे ती एका मेलेल्या माणसाच्या चालण्याची गोष्ट. भुताची नव्हे हं. भूत असतं तर सोपं होतं, नारळ फोडून भागलं असतं. ही रस्त्याची गोष्ट आहे, आणि शेवटापर्यंत बसाल तर प्रत्येक गोष्टीचा उलगडा होईल, हा शब्द.

सावरखिंडीच्या घाटाखाली राज्यमार्गाचा एक निरीक्षण कक्ष होता. एक लांबट खोली, भिंतभर पडदा, आणि पडद्यावर सबंध घाट एका हिरव्या पट्टीसारखा उलगडून ठेवलेला. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली आणि पट्टीच्या खालच्या टोकाला एक ठिपका उजळला. मग त्याच्या पुढे दुसरा. मग तिसरा.

"आला," रुबीना मुल्ला म्हणाली. पडद्यावर नजर ठेवण्याचं काम तिचं. सहा महिने हे रोज बघूनही तिचा हात आपसूक डोक्यावरच्या पदराकडे गेला.

"आले म्हण," मागून उपअभियंता दिनकर शिरतोडे पुटपुटले. "वयानं मोठे होते तुझ्यापेक्षा."

ठिपके घाट चढू लागले. एक पाऊल ठाम, दुसरं किंचित ओढलेलं. पहिल्या मोरीपाशी ते थांबले. मोरी म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी पलीकडे काढून देणारा दगडी बोगदा. या घाटात तशा अकरा. तिथे एकाच जागी ठिपका तीनदा उजळला. ठक, ठक, ठक. टाच आपटल्यासारखा. मग पावलं पुढे निघाली.

शिरतोड्यांना ती चाल पाठ होती. त्या जागी चालणारा माणूस त्यांनी वीस वर्षं पाहिला होता, आणि चैत्रात त्याच्या तिरडीला खांदाही दिला होता. शिदा कोळेकर, या घाटाचा शेवटचा मैलकुली. पूर्वी रस्त्याच्या ठरावीक मैलांवर एक माणूस नेमलेला असे. रोज पायी फिरायचं, खड्डा दिसला तर बुजवायचा, गटार तुंबलं तर मोकळं करायचं. शिदाच्या पाठीमागे ती जागा भरायची नव्हती, कारण आता रस्ताच स्वतःची काळजी घेणार होता.

"बाई, बघा तुम्हीच," पट्टीखालच्या दोन रेघांकडे बोट दाखवत शिरतोडे शेजारच्या खुर्चीकडे वळून म्हणाले. "खालची रेघ सपाट आहे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मग वरची रेघ कुणासाठी नाचतेय?"

शेजारी बसल्या होत्या डॉ. इरावती नाडगौडा. या घाटावर अंथरलेलं स्मरणडांबर त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मलेलं. चष्मा कपाळावर ढकलून त्या बराच वेळ ठिपक्यांकडे बघत राहिल्या.

"चाल सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या. "हा माणूस काही वाजवायचा का?"

"मृदंग. गावच्या कीर्तनात. तीस वर्षं."

"वाटलंच." त्या हसल्या, आणि मग त्यांचा चेहरा पुन्हा कामाचा झाला. "पहिल्यापासून सांगते, म्हणजे आपण तिघं एका जागेवर येऊ. या डांबरात केसाहून बारीक तंतू आहेत. वजन पडलं की त्यांना कळतं. तेच वजन रोज त्याच वेळी येऊ लागलं की रस्ता ते पाठ करतो, आणि यायच्या क्षणभर आधी तेवढ्या जागी स्वतःला ताठ करून घेतो. धक्का सोसायला छाती ताठ करावी तसा. याला आम्ही पूर्वताण म्हणतो. तुमची वरची रेघ म्हणजे पूर्वताण, खालची म्हणजे खरं पडलेलं वजन. तयारी असली की झीज निम्मी."

"आणि वजन यायचं थांबलं तर?"

"तर विसरतो. चाळीस दिवस वाट बघतो. खूण पटली नाही तर चाल पुसली जाते."

"खूण पटणं म्हणजे?" रुबीनाने विचारलं.

"तो पाऊल न् पाऊल सुटं लक्षात ठेवत नाही, तेवढी जागा नाही त्याच्यात. सबंध चाल एका ओळीसारखी ठेवतो. ओळीतलं एक पाऊल जरी ठरल्या वेळी पडलं, तरी सगळी ओळ आली असं धरतो आणि पुन्हा चाळीस दिवस मोजायला लागतो."

"बुवांनी ध्रुवपदाचा एक शब्द उच्चारला की टाळकरी पुढचं सगळं उचलतात, तसं," शिरतोडे म्हणाले.

"अगदी तसं."

"पण इथं बुवाच नाहीत, बाई. माणूस जाऊन एकशे नव्वद दिवस झाले. रुंदीकरणासाठी घाट दोन वर्षं बंद आहे, गाड्या खालच्या जुन्या रस्त्यानं जातात. रोज एकटा शिदाच चालायचा यावर. मग हा टाळकरी कुणाचं ऐकून वाजवतोय?"

इरावतीबाईंनी मान हलवली. "ठेकेदाराचा रोलर हिवाळाभर रोज दहाला यायचा ना? सहाव्या मोरीपर्यंत?"

"हो. तो बरोब्बर चाळीस दिवसांत पुसला गेला."

"मग डांबर विसरायला जाणतं. फक्त या एका माणसाला विसरत नाही." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "कारण मला सापडत नाही, शिरतोडे. पण कारण सापडेपर्यंत थांबता येणार नाही. सोमवारी तुम्ही जड वाहतूक सोडणार. नसलेल्या पावलांसाठी रस्ता तुकड्यातुकड्यानं ताठ होत असताना वरून सोळा चाकी ट्रक गेला, तर ताठ आणि मऊ यांच्या सीमेवर तडा जाईल. रविवारी विसरभट्टी फिरवू. दीडशे अंशांवर तापवलं की सगळी आठवण जाते. कोरी पाटी."

विसरभट्टी फिरली की शिरतोड्यांनी 'घाट निर्दोष' या दाखल्यावर सही करायची, एवढंच उरलं होतं. सोमवारी सकाळी पहिली एसटी सावरवाडीची. शिदाच्याच गावची.

पाऊण तासानं पडद्यावर पावलं नवव्या मोरीवर आली. ठक, ठक, ठक. शिरतोड्यांनी नजर वळवली. ते तीन ठोके त्यांना सहन होत नसत. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता ऐका. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. शिदा कचेरीत आला होता, खांद्यावर फावडं, हातात कचेरीनं दिलेला मोबाइल.

"साहेब, नवव्या मोरीवर कणीक कमी पडलीया."

"काय पडलीय?"

"कणीक. मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावतो न्हाई का आपन? ती लावली की आवाज भरीव येतो. न्हाईतर डब्यावानी वाजतं. टाच मारली की नववी मोरी डब्यावानी वाजाय लागलीया. मोबाइलात लिव्हाय गेलो तर खड्डा, तडा, साइडपट्टी आनि गटार एवढंच इचारतंय. आवाजाचा रकानाच न्हाई."

त्या दिवशी वरिष्ठांची बैठक होती. शिरतोडे फायलींत बुडालेले. "शिदा, आठ महिन्यांपूर्वी खालची तपासणी करून मगच डांबर टाकलंय. तुझ्या कानावर विश्वास ठेवून मी नवा रस्ता उकरू? लोक हसतील मला."

"तपासनीनंतर एक पावसाळा गेला की, साहेब."

"बरं, बघू."

बघितलं नाही. अहवालात नवव्या मोरीपुढे 'निरंक' असा शेरा गेला. शिदा आणखी दोनदा आला, दोन्ही वेळा तेच बोलला, दोन्ही वेळा हसून परतला. चैत्रात एके दिवशी फेरी करून घरी आला, पाय धुतले, आणि छातीवर हात ठेवून ओट्यावर बसला तो उठलाच नाही.

शुक्रवारी कचेरी सुटायच्या आत शिरतोडे सावरवाडीला गेले. कशासाठी, हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. शिदाची बायको अनसाक्का दारात शेंगा फोडत बसली होती. आत खुंटीला मृदंग, वर धुतलेलं धोतर झाकलेलं.

"या साहेब. आज वाट चुकलासा?"

"सहज आलो."

"सायब लोक सहज येत न्हाईत," ती म्हणाली आणि पाट पुढे केला. "रुबीनाची आई सांगत हुती. तुमच्या मशिनीत आमच्या मालकांची पावलं येत्यात म्हनं. खरं का?"

शिरतोड्यांनी खरं ते सांगितलं. रस्ता कसा पाठ करतो, कसा विसरतो, याला कसा विसरत नाही, आणि रविवारी काय होणार आहे तेही.

अनसाक्का ऐकत राहिली. हातातली शेंग तशीच. "म्हंजी परवा दिशी पुसणार."

"हो."

"मग उद्या मला एकदा दावा. मशिनीत नगं. रस्त्यावर. येताना जाताना मी कधी त्येंच्या संगट फिरले न्हाई, साहेब. रोज डबा बांधून दिला, तेवढंच."

शनिवारी दुपारी शिरतोड्यांनी तिला जीपमधून घाटात नेलं. म्हातारीला चढ झेपणार नाही म्हणून थेट नवव्या मोरीवर नेऊन कठड्यावर बसवलं. सोबत इरावतीबाईही आल्या, हातात एक पाटीएवढा फिरता दर्शक घेऊन. खाली दरीत ओढा चमकत होता. रस्ता रिकामा, काळाभोर, नव्या कापडासारखा.

"किती वाजता येतील?" अनसाक्काने विचारलं. दौऱ्यावरून येणाऱ्या माणसाबद्दल विचारावं तसं.

"पाचला पाच कमी असताना," बाई हळूच म्हणाल्या. त्याही कुजबुजत होत्या. "हात टेकवून बसा रस्त्यावर. पूर्वताण हाताला कळतो."

अनसाक्का कठड्यावरून उतरली, डांबरावर मांडी घातली, दोन्ही तळवे पसरून टेकवले. शिरतोडेही वाकले. आधी काहीच नव्हतं, फक्त दिवसभराची ऊब. मग वळणाकडून काहीतरी येऊ लागलं. दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं; पण तळहाताखालचं डांबर एकदा आवळलं, सैल झालं, मग थोडं पुढे आवळलं. एक ठाम, एक ओढलेलं. रस्ता कुणाला तरी हातावर झेलत पुढे पुढे नेत होता, आणि झेलायला कुणी नव्हतं.  ऑक्टोबरच्या उन्हात शिरतोड्यांना हुडहुडी भरली.

"डावा पाय," अनसाक्का म्हणाली. तिचे डोळे मिटलेले. "बैलानं तुडवला हुता. लगीन व्हायच्या आधी."

पावलं तिच्या समोर येऊन थांबली. आणि तिच्या तळव्यांच्या मधोमध डांबर तीनदा आवळलं. ठक, ठक, ठक.

पावलं पुढे निघाली.  शिरतोडे उठू लागले. अनसाक्का मात्र तशीच बसून राहिली, मान कलती करून, गरम तव्यावर पाण्याचा थेंब ऐकावा तशी.

"ह्ये कोन वाजवलं?"

"काय?"

"तीन त्येंनी वाजवलं. त्याच्यामागनं बारीक तीन कोन वाजवलं? खालनं?"

इरावतीबाईंनी दर्शकाकडे पाहिलं. "आपली वजनं सोडली तर खालची रेघ सपाट आहे, आक्का. काही नाही."

"बाई, तुमची पाटी ऱ्हाऊ द्या." म्हातारीने पहिल्यांदा आवाज चढवला. "तीस वर्सं त्या मृदंगाला मी कणीक मळून दिली. कमी पडली की मला चुलीपाशी बसून कळायचं. ह्ये पोकळ वाजलं. कणीक कमी हाय हितं."

शिरतोडे अर्धे उठलेले तसेच थांबले. तेच शब्द. ते एकदम इरावतीबाईंकडे वळले. "खालच्या रेघेवर किती वजनापासून दिसतं?"

"पाच किलोपासून. त्याखालचं गाळायचं, असं तुमच्याच कचेरीनं लिहून दिलं होतं. पानं, खारी, कुत्री दिसतात म्हणून."

"आणि रस्ता? तोही गाळतो?"

 बाईंचं तोंड किंचित उघडं राहिलं. मग त्यांनी दर्शकावर बोटं फिरवली, गाळणी काढली आणि मघाची रेघ पुन्हा मागवली.

वरच्या रेघेवर तीन उंचवटे. आणि खालच्या, इतके दिवस सपाट असलेल्या रेघेवर, प्रत्येकामागे डोळ्याचं पातं लवायच्या आत उमटलेला एकेक, असे तीन बारीक उंचवटे. दोन किलो. पावणेदोन. दोन.

"अरे देवा," बाई म्हणाल्या, आणि रस्त्यावरच बसल्या. बोलू लागल्या तेव्हा शब्द एकमेकांवर आदळत होते. "रस्ता ताठ होतो तेव्हा खालच्या जमिनीलाही जरासा झटका बसतो. खाली भरीव जमीन असेल तर तो तिथंच जिरतो. पण खाली पोकळी असेल, तर वरचा थर चामड्यासारखा घुमतो. तो घुमारा तंतूंना वजन वाटतो. ठरल्या वेळी, ठरल्या जागी, तीन ठोके. रस्त्याला वाटतं, आला. ओळीतली एक खूण पटली. चाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून."

"रोलर सहाव्या मोरीच्या पुढे आलाच नव्हता," शिरतोडे म्हणाले.

"म्हणून तो विसरला गेला. भरीव जागी रस्ता विसरतो. फक्त पोकळ जागी..." त्या थांबल्या. "शिरतोडे, उद्या भट्टी फिरवली असती तर ही पावलं पुसली गेली असती. आणि खाली काय आहे ते एसटी आत गेल्यावरच कळलं असतं."

रविवारी भट्टी आली नाही, छिद्रयंत्र आलं. दीड वीत डांबर आणि खडी कापून टोक खाली गेलं आणि एकाएकी हातातून निसटल्यासारखं मोकळं झालं. दोरीला दिवा बांधून सोडला. अकरा फूट. मोरीच्या कमानीमागची माती दोन पावसाळ्यांत दगडांच्या फटींतून ओढ्याला गेली होती. वरचा रस्ता केवळ स्वतःच्या ताकदीवर अधांतरी तरंगत होता. आत बुवा, पेटी, टाळकरी, सगळं कीर्तन मांडी घालून बसलं असतं एवढी जागा. शिरतोडे काठावर पालथे पडून आत बघत राहिले, आणि त्यांच्या ओठांवर एकच शब्द होता. "निरंक."

वरिष्ठांचे फोन आले. उद्घाटन पुढे ढकलल्याबद्दल खुलासा मागितला गेला. शिरतोड्यांनी लेखी खुलासा दिला: 'सदर दोष मैलकुली श्री. शिदा कोळेकर यांनी तीन वेळा निदर्शनास आणला होता. दुर्लक्ष मी केले.' खाली सही. त्याचं काय झालं ते झालं, ते या गोष्टीत नाही.

पण मोरी भरायच्या आधी ते पुन्हा अनसाक्काकडे गेले. हे सांगणं सहीहून अवघड होतं.

"आक्का, ती पोकळी भरली की घुमारा बंद होईल. भट्टीची गरजच नाही. काँक्रीट मुरायला अठ्ठावीस दिवस लागणारच आहेत. वर बारा दिवस थांबलो की रस्ता त्यांना आपणहून विसरेल. पण विसरेल. तुम्ही म्हणत असाल तर बाई सांगतात, पावलं टिपून ठेवता येतील, यंत्रात..."

"कशाला?" अनसाक्का म्हणाली. "सांगायचं हुतं त्ये सांगून झालं की. तुमाला ऐकू येत नव्हतं म्हणून मेल्यावरबी रोज हेलपाटं घातलं. आता बसू द्या की त्येंस्नी."

 म्हातारी आत गेली आणि परातीतून एक गोळा घेऊन आली. ताजी मळलेली कणीक, तळहाताएवढी. "भरताना ह्यो आधी टाका. त्येंचं ऱ्हायलेलं काम हाय त्ये."

सिमेंटची पहिली धार सुटायच्या आधी शिरतोड्यांनी तो गोळा स्वतःच्या हातानं आत सोडला. कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी हसलं नाही.

मग दिवस मोजले गेले. दहाव्या दिवशी ठिपके पहिल्यासारखेच. पंचविसाव्या दिवशी ओढलेलं पाऊल फिकट झालं. पस्तिसाव्या दिवशी रुबीनाला पडद्याजवळ तोंड नेऊन बघावं लागलं. चाळिसाव्या दिवशी कक्षात चौघं होते. शिरतोडे, इरावतीबाई, रुबीना, आणि पडद्यासमोर खुर्ची नको म्हणून जमिनीवर बसलेली अनसाक्का. चार वाजून नऊ मिनिटं झाली. दहा. अकरा. घाटाची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी, शांत.

पाचला पाच कमी झाले. नववी मोरीही गप्प राहिली.

"गेले," रुबीना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सावरवाडीची एसटी घाट चढली. नवव्या मोरीवरून गेली तेव्हा खालून आवाज आला नाही. पंधरवड्यात रस्त्याने तिची वेळ पाठ केली, तिच्यासाठी ताठ होऊ लागला. ज्याच्यामुळे ती सुखरूप पलीकडे जाते, त्याचं रस्त्याजवळ आता काही नाही. याला कृतघ्नपणा म्हणू नका. तो भक्कम झाला म्हणूनच विसरला.

आपल्याला मात्र ती सवलत नाही. सावरखिंडीतून जाल तेव्हा नवव्या मोरीवर हात जोडा. नाही जाणं झालं तर इथे, मृदंगाला कणीक लावताना, क्षणभर थांबा. शिदा कोळेकर असं नाव आहे. चाळीस दिवसांच्या आत एकदा तरी त्याची आठवण काढत जा.